एप्रिलमध्ये स्मोकीज: आईबाबांना धबधबे दाखवू की रानफुलं?

मृदुला_के:
नमस्कार मंडळी. आईबाबा पुण्याहून आलेत, जूनच्या मध्यापर्यंत आहेत. आम्ही अटलांटाच्या उत्तरेला राहतो, एप्रिलच्या मधल्या आठवड्यात लाँग वीकेंड काढून ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कला जायचं चाललंय. आई कॉलेजात बॉटनी शिकवायची, तिने वाचलंय की अमेरिकेतल्या कुठल्याही नॅशनल पार्कपेक्षा जास्त जातींची फुलझाडं इथे आहेत, दीड हजारच्या आसपास, त्यामुळे तिला फक्त फुलं बघायचीत. बाबांचं म्हणणं, फुलं काय सोसायटीच्या बागेतही असतात, एवढं पेट्रोल जाळून जायचं तर धबधबा पाहिजे. गुडघे दुखतात, सपाटीला तासभर आरामात चालतात, उतार आला की चिडतात. नऊ वर्षांच्या चिरंजीवांना अस्वल पाहिजे. नवरा म्हणतो तुमचं ठरलं की मला सांगा.
जिथे बघावं तिथे लॉरेल फॉल्स एक नंबर असं लिहिलंय. खरंच चांगला आहे का? कुठे राहायचं, खायचं काय? इथले जुने धागे शोधले पण सगळे ऑक्टोबरच्या रंगांवरचे आहेत.

नॅशव्हिलकर:
लॉरेल फॉल्सचं आधी पार्कच्या साइटवर बघा. ती ट्रेल २०२५ च्या जानेवारीत दुरुस्तीला बंद केली, साधारण दीड वर्षाचं काम सांगितलं होतं. आणि उघडी असली तरी एप्रिलच्या शनिवारी तिथे जाऊ नका. डांबरी ट्रेल म्हणून सगळे तिथेच. धबधब्यासमोर फोटोसाठी लाइन लागते, लालबागच्या राजाला नवसाची लागते तशी.

चहाबाज:
पार्किंग टॅग विसरू नका!! एन्ट्री फी नाही म्हणून लोक खुशाल जातात. मार्च २०२३ पासून पंधरा मिनिटांपेक्षा जास्त गाडी लावायची तर टॅग लागतो, दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५, वर्षाचा ४०. नॅशनल पार्कचा वार्षिक पास असेल तरी हा वेगळा घ्यावाच लागतो.

टवाळखोर:
मग फ्री कसलं डोंबलाचं.

चहाबाज:
एन्ट्री फ्रीच आहे. टेनेसीने मधला मोठा रस्ता पार्कला दिला तेव्हा टोल लावायचा नाही अशी अट घातली होती. म्हणून गेट नाही, म्हणूनच देशात सगळ्यात जास्त गर्दीचं पार्क, वर्षाला सव्वा कोटीच्या घरात व्हिजिट्स होतात. पैसे हवेत तर पार्किंगमधून काढा, असा मामला.

रानवाटा:
मृदुला, तुमच्या आईंचं बरोबर आहे. एप्रिलचा मधला आठवडा म्हणजे खालच्या भागातल्या फुलांचा ऐन बहर. धबधबा जुलैतही दिसतो, ही फुलं मे संपेपर्यंत खालून गायब.

थोडं कारण सांगतो म्हणजे कुठे जायचं ते ठरवायला सोपं जाईल. इथलं जंगल पानगळीचं. मार्च-एप्रिलमध्ये झाडांना पानं नसतात, ऊन थेट जमिनीवर येतं. या बुटक्या झाडांचा सगळा कारभार त्या काही आठवड्यांत उरकतो: उगवायचं, फुलायचं, बी धरायचं, कंदात साठा करायचा आणि वर सावली झाली की जमिनीखाली गुडुप. त्यामुळे बहर डोंगराच्या पायथ्याशी आधी येतो आणि हळूहळू वर चढतो. खाली संपलं असं वाटलं की हजार-दोन हजार फूट वर जायचं, तिथे तीच फुलं नुकती उमललेली.

तुमच्यासाठी पोर्टर्स क्रीक ट्रेल, ग्रीनब्रायर भागात. पहिला मैल जुना खडीचा रस्ता आहे, बाजूला ओढा, चढ आहे पण हळू. दीडेक मैलावर ओंडक्याचा पूल लागतो, तो ओलांडला की फ्रिंज्ड फॅसेलियाचे ताटवे. लांबून बर्फ उरलाय असं वाटतं. खाली बसून बघितलं तर नखाएवढं पांढरं फूल, पाकळ्यांच्या कडा कात्रीने बारीक कातरल्यासारख्या. अजून थोडं पुढे फर्न ब्रँच फॉल्स आहे, साठेक फुटांचा, बारीक धार. बाबांना तो "धबधबा" वाटेल याची खात्री देत नाही.

शार्लटची_शमा:
रानवाटा +१, फक्त गुडघे दुखणाऱ्या माणसाला तो ओंडक्याचा पूल जमेल का? एका बाजूलाच कठडा असतो आणि पावसात चांगलाच निसरडा होतो. आम्ही सासूबाईंना नेलं होतं, त्या मध्ये थांबल्या आणि मागे अमेरिकन लोकांची रांग, कोणी काही बोललं नाही पण त्यांनाच कानकोंडं झालं, मग परत फिरल्या.

त्यापेक्षा नॉर्थ कॅरोलिनाच्या बाजूने जा, ब्रायसन सिटीजवळ डीप क्रीक. अटलांटाहून तीनेक तास. अडीच मैलांच्या आतल्या फेरीत तीन धबधबे: टॉम ब्रँच, इंडियन क्रीक आणि जूनी व्हँक. पहिले दोन जवळजवळ गाडीरस्त्यासारख्या रुंद वाटेवर. टॉम ब्रँच तर पार्किंगपासून पाव मैलावर, ओढ्याच्या पलीकडच्या कड्यावरून टप्प्याटप्प्याने पडतो, अलीकडे बाक आहेत. बाबांना तिथे बसवा, थर्मास द्या, प्रश्न मिटला. जूनी व्हँकचा चढ उभा आहे, तो सोडा.

घाटमाथा:
मी जरा वेगळा सूर लावतो. एवढं काय आहे त्यात? सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला स्मोकीजचे धबधबे बघून काहीच होत नाही. अब्रॅम्स फॉल्स फेमस, उंची वीस फूट. वीस! आमच्या माळशेजला रस्त्यावर गाडी धुऊन निघते तेवढं पाणी. ठोसेघर बघितलेल्या माणसाला हे दाखवून काय मिळणार? आणि फुलं म्हणाल तर कास आहेच की.

नॅशव्हिलकर:
>>उंची वीस फूट. वीस!<<
उंची कमी, पाणी प्रचंड. त्या डोहात खालून ओढ आहे, माणसं बुडालीत तिथे. या पार्कमध्ये अस्वलापेक्षा पाण्याने जास्त माणसं जातात. धबधब्याच्या दगडांवर चढायचं नाही हे मुलाला घरूनच बजावून ठेवा. लोणावळ्याच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतोच.

पिंपळपान:
घाटमाथा, कासशी तुलना करताय पण दोन्हीकडचं गणितच उलटं आहे. कासला कातळावर इंचभर माती, झाड नाही, पाऊस पडला की फुलं. सप्टेंबर-ऑक्टोबर. इथे दाट जंगल, दरीत वर्षानुवर्षं कुजलेल्या पानांची काळी माती, पाऊस बाराही महिने. वरच्या शिखरांवर वर्षाला ८५ इंचांपर्यंत पडतो. कासला फुलांचा गालिचा असतो, उभं राहून बघायचा. इथे वाकावं लागतं.

घाटमाथा:
वाकायला कमरेने साथ दिली पाहिजे. दिवा घ्या :)

वि_दा:
मृदुलाताई, राहण्याबद्दल. गॅटलिनबर्ग आणि पिजन फोर्ज म्हणजे जत्रा. मेणाचे पुतळे, पॅनकेक, गो-कार्ट, उलटं बांधलेलं घर. पोरं खूश होतात पण संध्याकाळी दोन मैलांना पाऊण तास. शांतता हवी तर टाउनसेंड किंवा ब्रायसन सिटी. किचनवाली केबिन घ्या. फोटोवर जाऊ नका, रस्ता विचारून घ्या, आमची केबिन एवढ्या उभ्या चढावर होती की गाडी खाली ठेवून सामान डोक्यावरून नेलं आणि मालक फोन उचलेना.

सुगरण_सई:
खायचं: कुकर आणि मसाल्याचा डबा न्या, बाकी सगळं तिथल्या दुकानात मिळतं. ट्रेलसाठी धपाटे आणि दही बेस्ट, दोन दिवस टिकतात. चिवडा-लाडू गाडीत सीटवर ठेवू नका, डिकीत बंद. अस्वलं मार्च-एप्रिलमध्ये बाहेर पडतात आणि भुकेली असतात.

टवाळखोर:
अस्वल आणि बाकरवडी. दुपारी एक ते चार अस्वलही येणार नाही.

सुगरण_सई:
😂😂 आला पुण्यावर.

रानवाटा:
अस्वलाचं गमतीत घेऊ नका. पार्कात १९००च्या आसपास काळी अस्वलं आहेत, दिसू शकतं. पन्नास यार्डांच्या आत जायचं नाही हा कायदा आहे. मुलगा लहान आहे म्हणून सांगतो, पळायचं नाही, हळू मागे सरायचं. अस्वलच जवळ यायला लागलं तर आवाज करायचा.

आणि अजून एक, आई बॉटनीच्या आहेत म्हणून. काहीही तोडायचं नाही, गळलेलं फूलसुद्धा वहीत नको. पाच हजार डॉलर दंड आणि सहा महिने कैद इथपर्यंत कायद्यात तरतूद आहे. ट्रिलियम या इथल्या रानफुलाला बी रुजल्यापासून पहिलं फूल यायला सात-आठ वर्षं तरी लागतात. त्याला पानं तीनच. फुलाबरोबर ती तीन पानं गेली की त्या वर्षीचा सगळा स्वयंपाक बंद, कधीकधी झाडच मरतं.

मृदुला_के:
बापरे! आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हर्बेरियम करायचे दिवस गेले, आता मी मोबाइलवरच दाबते." तिचा प्रश्न आहे: जॅक-इन-द-पल्पिट कुठे दिसेल? आणि सात वर्षांचं ऐकून तिने टोपली कारवीवर अर्धा तास लेक्चर दिलं, तो खर्च तुमच्या नावावर.

रानवाटा:
पोर्टर्स क्रीकला किंवा चिमनीज पिकनिक एरियातल्या कोव्ह हार्डवुड नेचर ट्रेलला, ओलसर जागी. आईंना सांगा त्यांच्या ओळखीचाच निघेल, आपला सापकांदा आणि हा एकाच कुळीतले, दोन्ही अरिसीमा. तोच फणा, हिरव्यावर जांभळट पट्टे, आत उभा दांडा. वरचा पडदा बोटाने उचलून आत बघायचा मोह होतो, टाळा.

पिंपळपान:
आणि त्याची गंमत म्हणजे कंदात साठा कमी असला की तो वर्षभर नर, जेवून-खाऊन धष्टपुष्ट झाला की पुढच्या वर्षी मादी. बी धरायला ताकद लागते ना.

शार्लटची_शमा:
म्हणजे निसर्गालाही माहितीये काम कोणाला जास्त असतं ते.

टवाळखोर:
धागा वेगळ्या वळणावर जातोय, ॲडमिन.

जुनाजाणता:
इतका वेळ वाचतोय, कोणी एक गोष्ट बोलत नाही म्हणून लिहितो. हे "अस्पर्श निसर्ग" वगैरे नाहीये. पार्क १९३४ साली झालं, १९४० मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने न्यूफाउंड गॅपच्या खिंडीत उभं राहून ते देशाला अर्पण केलं. त्याच्या आधी लाकूडकंपन्यांनी बरंचसं जंगल कापून नेलं होतं आणि दऱ्याखोऱ्यांत शेतकरी राहत होते. जमिनी घ्यायला रॉकफेलरने पन्नास लाख डॉलर दिले, दोन्ही राज्यांनी दिले, शाळेतल्या मुलांनी नाणी गोळा केली, हे सगळं छान. पण ज्यांची घरं होती त्यांना उठावं लागलं. आणि त्यांच्याही शंभर वर्षं आधी, १८३८ साली, तिथल्या चेरोकी लोकांना सैन्य लावून पश्चिमेला हाकललं. जे डोंगरात तग धरून राहिले त्यांचे वंशज आज चेरोकी गावात आहेत. सगळ्यात उंच शिखराला त्यांचं मूळ नाव, कुवोही, परत मिळालं ते २०२४ च्या सप्टेंबरमध्ये.

पोर्टर्स क्रीकला जाल तेव्हा पहिल्या मैलात दगडी बांध दिसतील, छोटं कब्रस्तान आहे, जुनं गोठ्यासारखं कोठार आहे. मार्चमध्ये जंगलात मध्येच डॅफोडिल फुललेले दिसले तर समजा तिथे कोणाचं तरी अंगण होतं. डॅफोडिल इथलं रानफूल नाही, कोणा बाईने दाराशी लावलेलं. माझं आजोळ चांदोली अभयारण्याच्या आत होतं, आता तिथे वाघ सोडायचं चाललंय. आमच्या परड्यातली चाफ्याची झाडं अजून असतील.

मृदुला_के:
जुनाजाणता, हे बाबांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले तो मैल मी चालणार.

घाटमाथा:
जुनाजाणता, तुमच्या पोस्टला सलाम. पण यातून काय निष्कर्ष काढायचा? उठवलं नसतं तर आज तिथे पण गो-कार्ट असतं.

जुनाजाणता:
निष्कर्ष काढा असं मी कुठे म्हटलं. माहीत असावं म्हटलं.

रानवाटा:
याला जोडून: नांगरलेल्या जमिनीवर झाडं परत आली पण ही खालची फुलं अजून नीट परतलेली नाहीत. ट्रिलियम, ब्लडरूट यांच्या बीला एक तेलकट बोंड असतं, मुंग्या त्यासाठी बी उचलून वारुळात नेतात, बोंड खातात, बी टाकून देतात, ते रुजतं. मुंगी जाऊन जाऊन किती जाणार, काही फूट. म्हणून जिथे कुऱ्हाड पडली नाही तिथे फुलांची दाटी. कोव्ह हार्डवुडला वरच्या टप्प्यात प्रचंड जुनी झाडं आहेत आणि त्यांच्या पायथ्याशी अख्खा उतार पांढऱ्या ट्रिलियमने भरलेला असतो. ट्रेल पाऊण मैलाची, पण चढ आहे, आईंना जमेल.

नव्याने_आले:
मस्त धागा! लेडी स्लिपर ऑर्किड कुठे दिसतं कोणी सांगेल का? पिन लोकेशन टाकलं तर बरं होईल.

रानवाटा:
नाही टाकणार. राग मानू नका. ऑर्किड खणून नेणारे लोक आहेत, आणि नेलं तरी जगत नाही, त्याला मातीतली ठराविक बुरशी लागते.

टवाळखोर:
अरे म्हणजे आम्ही चोर का? पार्क सगळ्यांचं आहे, माहिती पण सगळ्यांना मिळू दे. हे म्हणजे गडावरचं पाण्याचं टाकं मलाच माहिती टाइप झालं.

पिंपळपान:
टवाळखोर, चोर तुम्ही नाही, पण धागा गूगलला दिसतो. आणि चोरी सोडा, फोटो काढणारेच पंचवीस जण एका फुलाभोवती लोळले की आजूबाजूची रोपं मेलीच. कासला काय झालं बघितलंय ना, शेवटी दिवसाला तीन हजारांची मर्यादा आणि ऑनलाइन बुकिंग करावं लागलं.

चहाबाज:
नव्याने_आले, रेंजर किंवा गाइडबरोबर फिरा, ते दाखवतात. वसंतात गॅटलिनबर्गला वाइल्डफ्लॉवर पिलग्रिमेज भरते, १९५१ पासून चालू आहे, जाणकारांबरोबर चालत फुलं बघायची. पैसे भरून नाव नोंदवावं लागतं, पटापट भरतं.

टवाळखोर:
फुलांची वारी! बरं बाबा, मागे घेतलं. तुळस डोक्यावर घ्यायची का ते पण विचारा.

वि_दा:
प्रॅक्टिकल: पायथ्याशी शर्ट पुरतो, डोंगरावर जॅकेट लागतं. न्यूफाउंड गॅप ५०४६ फुटांवर, खालच्यापेक्षा दहा-वीस फॅरनहाइटने थंड, एप्रिलमध्ये बर्फ पडून रस्ता बंद झालेला बघितलाय. फोनला रेंज नसते, मॅप आधीच डाउनलोड करा. आणि संध्याकाळी सगळ्यांचे पाय तपासा, टिक्स (गोचिडी) असतात.

शार्लटची_शमा:
चेरोकीजवळ मिंगो फॉल्स राहिला की! पार्कच्या हद्दीबाहेर, चेरोकींच्या जमिनीवर. १२० फूट, घाटमाथांचंही समाधान होईल. पायऱ्या मात्र दीडशेच्या वर.

मृदुला_के:
म्हणजे दीड पर्वती. बाबा खालीच थांबतील.

मृदुला_के:
जाऊन आलो. सगळ्यांना थँक्यू. वृत्तांत मोठा लिहीत नाही.

ब्रायसन सिटीला राहिलो. डीप क्रीकला टॉम ब्रँचसमोर बाबांनी बाक पकडला तो सोडेनात, आम्ही इंडियन क्रीक बघून परत आलो तरी तिथेच, शेजारी कोणी टेनेसीचे आजोबा, दोघं गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोलत होते. दुसऱ्या दिवशी न्यूफाउंड गॅप ओलांडून कोव्ह हार्डवुड. ट्रिलियमचा उतार रानवाटांनी सांगितला तसाच. आई दर दहा पावलांना बसायची. स्प्रिंग ब्यूटीच्या पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी रेघा असतात त्या आपल्याला उभ्याने दिसतच नाहीत, ती म्हणाली या रेघा मधमाशीला वाट दाखवायला. चिरंजीव तासभराने वैतागला. अस्वल नाही दिसलं, ओकोनालुफ्टी व्हिजिटर सेंटरच्या मैदानात सकाळी एल्क (मोठी हरणं) दिसले, त्यावर भागवलं.

पोर्टर्स क्रीकला बाबा तो मैल चालले. बांध, कब्रस्तान सगळं बघितलं. पूल ओलांडला नाही, आई आणि मी गेलो. फॅसेलिया थोडी उतरणीला लागली होती पण होती. सापकांदा पण मिळाला! आईने पडदा उचलला नाही, मी साक्षीदार.

घाटमाथा, बाबांचं मत तुमच्यासारखंच आहे, म्हणाले धबधबा ठोसेघरचाच.

घाटमाथा:
बाबांना नमस्कार सांगा. माणूस जाणकार आहे.

पिंपळपान:
आईंनी काढलेले फोटो टाका ना.

नॅशव्हिलकर:
आईबाबा जूनपर्यंत आहेत ना? मग काजव्यांची लॉटरी भरा. एल्कमाँटला मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत एकाच तालात लुकलुकणारे काजवे असतात, शेकडो एकदम पेटतात आणि एकदम विझतात. गाडीला पास लागतो, तो लॉटरीने. अर्जाला एक डॉलर.

मृदुला_के:
भंडारदऱ्याला बघितलेत आम्ही काजवे, पण एका तालात? कधी उघडते लॉटरी?

नॅशव्हिलकर:
साधारण एप्रिलच्या शेवटी, दोन-चार दिवसच असते. तारीख पार्कच्या साइटवर येते. नवऱ्याच्या नावाने अर्ज टाका, एका घरातून एकच चालतो, पास एका गाडीला एक असतो.

टवाळखोर:
त्याने सांगितलंच होतं, ठरलं की मला सांगा.